अक्कानं करून दाखवलेला चेहरा

आधी अक्काचं सांगतो, मग माझं. इथं कानडी मुलखातल्या शिवाजीनगरात आमच्या दुकानासमोर, अरुंद गल्लीच्या पलीकडे तिची फॉल-पिकोची मशीन आहे. ती इथलीच. तिचे पणजोबा कधीतरी महाराष्ट्रातून इकडे आले आणि इथलेच झाले. तिच्या मराठीत मधूनमधून कानडी येतं, आणि मी वयानं लहान असूनही ती मला अण्णा म्हणते. ती समोर बसत नसती तर हे लिहायला मी उरलो असतो की नाही, कोण जाणे. उरलो असतो तरी आईबद्दलची एक गोष्ट मनात तशीच कुजत राहिली असती.

मी सोनं आटवतो. सांगलीकडच्या आमच्या दुष्काळी पट्ट्यातली पोरं या कामाला देशभर जातात. मी सातवी अर्धवट सोडून चुलत्यामागून इथं आलो. जुने दागिने मुशीत घालून भट्टीवर वितळवायचे, तेजाबात शुद्ध करायचे, हेच आयुष्यभर केलं. तेजाबाच्या वाफेनं नाक केव्हाच मेलं. शेजारच्या खानावळीत फोडणी करपून गिऱ्हाईकं खोकत बाहेर आली तरी मला पत्ता नसतो.

म्हणून पन्नाशीच्या तोंडावर एका दुपारी ओल्या घोंगडीचा वास आला तेव्हा मी दचकलो. लहानपणी ताप आला की आई ज्या घोंगडीत गुंडाळायची, तिचाच वास. लोकरीचा, चुलीच्या धुराचा, आईच्या मानेवरच्या घामाचा. वळून पाहिलं तर मागे नुसती भिंत. पुन्हा भट्टीकडे पाहिलं, तर नुकतीच टाकलेली बांगडी मुशीत पाणी होऊन थरथरत होती. शेजारी चहाचा ग्लास होता, त्यावर जाड साय. चहावाला कधी येऊन गेला?

मग तो वास वरचेवर यायला लागला. नेहमी दुपारी, गल्ली सुस्तावलेली असताना. प्रत्येक वेळी थोडा काळ कुठंतरी गळून जायचा. रेडिओवर बातम्या चालू असायच्या आणि एकदम जाहिरात. मी कुणाला बोललो नाही. आई मला शोधत इथवर आली, असं मी धरलं होतं. भीती वाटायची, आणि खरं सांगायचं तर मी वाटही बघायचो.

भीतीचं कारण असं, की आई विहिरीत गेली. मी शाळेत होतो, ती पाण्याला गेली होती. भरलेली घागर काठावर आणि ती आत. सगळ्या गावानं ठरवलं, उडी मारली. वर्गातली पोरं मला विचारायची, तुला टाकून का रे गेली? म्हणून तर शाळा सोडली. पुढं लग्नाचं दोनदा जुळत आलं, मीच मागं सरलो. सख्खी आई ज्याला टाकून जाते त्याच्यापाशी दुसरं कोण थांबणार, असा माझा हिशेब. आणि आता तीच दुपारी येऊन माझ्या मागं उभी राहायची. ती न्यायला आली होती की काही सांगायला, ते मला कळत नव्हतं.

एका दुपारी भानावर आलो तेव्हा अक्का माझं मनगट घट्ट धरून उभी होती. तिच्या दुसऱ्या हातात माझी सांडशी.

"अण्णा, कुठं गेला होता?"

इथंच आहे की, म्हटलं.

"इथं नव्हता. हाका मारून घसा सुकला माझा." मग दम घेऊन म्हणाली, "बरेच दिवस बघते मी. आधी वाटलं, माझ्याकडंच टक लावून बघता. म्हटलं, या वयात काय हे."

ऐन लग्नसराईत मशीनवर चादर टाकून ती मला डॉक्टरांकडे घेऊन गेली. डॉक्टरांनी हिंदीत विचारलं, नेमकं काय होतं? वास येतो, मी म्हटलं. मग? मगचं मला काय माहीत? तिथं मी नसतोच.

"सरी, बरं," अक्का म्हणाली, "मी दाखवते."

तिनं चष्मा काढून मांडीवर ठेवला आणि तिचा चेहरा विझला. डोळे उघडे, पण त्यांच्यामागं कुणी नाही. जबडा सावकाश हलायला लागला, तोंडात काही नसताना चावल्यासारखा. उजव्या हाताची बोटं पदराचा काठ चिमटीत धरून सोडत राहिली.

तो चेहरा माझा म्हणून मला ओळखीचा नव्हता. तो माझ्या आईचा होता.

भाकरी थापता थापता ती अशीच थांबायची. पीठ हातात, नजर माझ्यावर, आणि जबडा हलतोय. मला वाटायचं खेळतेय. मी तिच्या डोळ्यांपुढं हात हलवायचो, वाकुल्या दाखवायचो. मग ती पुन्हा भाकरी थापायला लागायची आणि विचारायची, काय बघतोस रे? बायका म्हणायच्या, तिच्या अंगात वारं येतं.

डॉक्टर म्हणाले, हा आकडीचाच प्रकार आहे, वास ही तिची सुरुवात. घरात कुणाला होतं का? मी सांगितलं. न पाहिलेल्या माणसाबद्दल काही सांगता येत नाही, ते म्हणाले. पण असं होणाऱ्यानं आगीपाशी आणि पाण्यापाशी एकटं कधी उभं राहू नये. हे माझ्यासाठी होतं. मी मात्र ऐकत होतो एका भरलेल्या घागरीशेजारी उभं राहून.

बाहेर बाकावर मी अक्काला विहिरीचं सगळं सांगितलं. या शहरात पहिल्यांदाच कुणाला तरी.

"अण्णा, त्या टाकून नाही गेल्या. पडल्या."

खात्री तिलाही नाही, मलाही कधी होणार नाही. पण इतक्या वर्षांत असं कुणी म्हटलंच नव्हतं.

आता मी भट्टीपाशी जात नाही. मालकानं सोनं तोलायच्या काट्यावर बसवलंय. गोळ्या सुरू आहेत आणि वास बंद झालाय, पुरता. दुपारी गोळी हातात घेतली की मन अडतं. आज नाही घेतली तर आई येईल. घोंगडी येईल, मान येईल. मी गोळीकडे बघत राहतो. तेवढ्यात पलीकडून मशीनचा आवाज थांबतो. अक्का स्वतःची पाण्याची बाटली उचलून धरते, आणि मी गिळेपर्यंत खाली ठेवत नाही.

तिनं अजून महाराष्ट्र पाहिलेला नाही. तिकडं बसचा कंडक्टरसुद्धा मराठीतच बोलतो? असं विचारते, आणि मी हो म्हटलं की थाप समजून हसते. एक दिवस तिला घेऊन जाईन. कंडक्टरशी तिला पोटभर बोलू देईन, गावाकडच्या चुलत भावजयीच्या हातची बाजरीची भाकरी खायला घालीन, आणि मग तिला बरोबर घेऊन विहिरीवर जाईन, जिथं आई गेल्यापासून मी एकदाही गेलेलो नाही. तिचं ऋण एवढ्यानं फिटणार नाही, हे मला कळतं. पण सुरुवात तिथून करीन. जाताना खिडकीची जागा तिची.