प्रतिज्ञेनंतर खोली बघायला गेलो

मंडळी, नाईट शिफ्ट करून आज सकाळी कारेगावात झेंडावंदनाला थांबलो. सोबत कंपनीतला रमणा होता, आंध्राचा. गावातल्या एका आप्पांनी सगळ्यांना प्रतिज्ञा सांगितली. "सारे भारतीय माझे बांधव आहेत" अगदी खणखणीत म्हणाले. रमणा तीच हळू आवाजात तेलुगूत म्हणत होता.

आप्पांची खोली रिकामी आहे असं कळलं. रमणा खोली शोधतोय, म्हणून त्याला घेऊन गेलो.

"बाहेरच्यांना न्हाई देत," आप्पा म्हणाले.

मी म्हटलं, "आप्पा, ही प्रतिज्ञा मुळात तेलुगूत लिहिलीय, आंध्रातल्या एका सरकारी अधिकाऱ्यानं. आपल्या शाळेच्या पुस्तकात ती नंतर आली."

"आसंल. पर खोली न्हाई. तुम्हाला पायजे तर देतो." मग म्हणाले, "आडनाव काय तुमचं?"

मी सांगितलं.

"तसा माझा पोरगा येणार हाय राहायला," आप्पा म्हणाले.

बाहेर रमणानं विचारलं, "क्या बोले?"

"खाली नहीं है," म्हटलं आणि गाडी चालू केली. भांडायचं त्राणच नव्हतं.

रांजणगाव-कारेगावात आडनाव न विचारता खोली देणारं कुणी माहीत असेल तर सांगा. रमणाला लवकर पाहिजे.