कापसाचे बोळे

आधी तिथं लष्कराच्या कवायतीचं मैदान होतं. दोन अधिकाऱ्यांनी गंमत म्हणून त्यावर घोडे पळवले आणि रेसकोर्सचा जन्म झाला. पुढे लाकडी स्टँड जळाला, दगडी उभा राहिला, तोही गर्दीला पुरेना. मग लोक घरबसल्या मोबाइलवर पैसे लावायला लागले आणि स्टँडवर कबुतरंच तेवढी उरली. आज शेवटची शर्यत होती. उद्यापासून इथं इमारतींचं काम.

पाण्याच्या गाड्याचा गाडीवान सकाळपासून नुसता येरझाऱ्या घालत होता. त्याला सगळे भिंगरी म्हणत, ते उगाच नाही. एके काळी तो जॉकी होता. पुढे तो अंगानं सुटला, त्याच हंगामात त्याची घोडी लंगडी झाली आणि साहेबांनी दोघांनाही या गाड्याला जुंपलं. दोन शर्यतींच्या मध्ये मैदानावर पाणी मारायचं, बस. पण शर्यत सुटण्याची घंटा वाजली की घोडी लगाम ओढते, गाड्यासकट उधळेल, असं तो सांगे. म्हणून प्रत्येक शर्यतीआधी तिच्या कानांत कापसाचे बोळे. तरीही लगामाला ओढ बसायचीच.

"बाईसाहेबांच्या डोक्यातून शर्यत काही जात नाही," घोडीच्या मानेवर थापटत तो कौतुकानं म्हणायचा.

लेक कधीची मागे लागली होती. "बाबा, घरामागे मोकळी जागा आहे. दोघंही या."

त्याचं उत्तर ठरलेलं. "घोडीला करमायचं नाही."

आज लेक न्यायलाच आली होती. इथून हलवली तर घोडी झुरून मरेल, अशी त्याला धास्ती होती.

"आज ऐकू दे तिला," तो म्हणाला. त्यानं घोडी गाड्यापासून सोडवली, बोळे काढले आणि लगामाचे वेढे हाताला घेतले. "तू लांब हो. उधळेल."

लेक कसली लांब होते! तिनं लगामच काढून घेतला. "तुमचे हात कापतायत. आणा इकडे."

घंटा वाजली. गेटं धाडकन उघडली. भिंगरी कठड्याला चिकटून वाकला, गुडघे दुमडले, टाचा मारायला लागला. तोंडानं "चल, चल" सुरूच. सगळे घोडे समोरून धडधडत निघून गेले, तेव्हा कुठे त्याला आपल्या घोडीची आठवण झाली. दचकून त्यानं मागे पाहिलं.

ती गवत खात होती.

"ओढलं नाही तिनं?"

"कानसुद्धा हलवला नाही."

त्यानं तिच्या कानामागे टाळी वाजवली. मग बादली आपटली. घोडी निवांत चरत राहिली. ती बहिरी कधी झाली, देव जाणे. रोज बडबडायचा तो एकटाच, ती कुठे उत्तर द्यायची?

मग इतकी वर्षं लगाम कोण ओढत होतं? त्यानं आपल्या हातांकडे पाहिलं. ते अजून कापत होते. त्याला रडू फुटलं आणि ते त्यानं लपवलंही नाही.

"निघायचं, बाबा?"

"तिला करमेल गं," तो म्हणाला. "माझं कसं व्हायचं?"