बेटावरची चूल

शहरातल्या लोकांना बेट म्हटलं की नारळाची झाडं दिसतात. आमचं बेट म्हणजे पैठणच्या धरणात बुडता बुडता वाचलेली बोडकी टेकडी. तिच्या पायथ्याशी आमचं गाव होतं. पाणी चढलं, गाव गेलं, टेकडी तेवढी राहिली. मी जन्मलो त्यानंतर, नव्या गावठाणात, त्यामुळे मला गावाचं सुतकही नव्हतं.

मोठा झाल्यावर चिकलठाण्याच्या कारखान्यात नोकरी लागली. हिवाळ्यातल्या रविवारी औरंगाबादची मंडळी होडीतून टेकडीवर न्यायचो. रोहित पक्षी दाखवायचे, टेकडीभोवती हिंडवून आणायचं आणि वरच्या कडुलिंबाखाली चूल मांडून भरीत, भाकरी, ठेचा खाऊ घालायचा. तेव्हा तिथं जाळ केला म्हणून कुणी हटकत नसे. चुलीला दगडही आयते मिळाले होते, झाडाखाली कुणीतरी मांडून ठेवल्यासारखे. पाहुण्यांना मी मोठ्या तोऱ्यात सांगायचो, हे आमचं बेट.

आईवडील माझ्याकडेच, शहरात पुंडलिकनगरला राहायचे. शनिवारी मी वांगी निवडायला बसलो की आई हळूच म्हणायची, "मला बी ने की रं एकदा."

"तिथं काय बघायचंय तुला? पाखरं तर गच्चीवर बी येतात."

होडीत जागा नसते, असंही मी सांगायचो. खरं म्हणजे तिच्यासाठी जागा मी कधी ठेवलीच नाही. असे सहा हिवाळे गेले.

वडील वारले, त्यांचं वर्षश्राद्ध झालं, आणि आईनं हट्टच धरला. रजा टाकून तिला एकटीला घेऊन गेलो. होडीतून उतरल्यावर तिनं वाट विचारली नाही. दुखऱ्या गुडघ्यांनी तरातरा चढून थेट लिंबाखाली गेली आणि खाली वाकून जमीन चाचपू लागली.

"दगडं कुठं गेली?"

"कोणती?"

"पाच व्हती. सपाट. मी मांडलेली."

मग खाली बसून तिनं सांगितलं. माझ्या आधी तिला एक मुलगी झाली होती. नऊ महिन्यांची होऊन तापानं गेली. तान्ह्या लेकराला जाळत नाहीत, पुरतात, आणि कोल्ह्यांनी उकरू नये म्हणून वर दगड ठेवतात. पाणी येणार हे तेव्हा गावाला कळलं होतं. लेक बुडायला नको म्हणून वडिलांनी तिला सगळ्यात उंच जागी आणून पुरलं. नंतर घरात तिचा विषय काढायचा नाही, अशी आईला शपथ घातली.

तीन दगड समोर चुलीला लावलेले होते, काजळीनं काळेठिक्कर. चौथा बाजूला पालथा पडला होता. माझ्या सख्ख्या बहिणीच्या उशाशी मी सहा वर्षं वांगी भाजत होतो.

"माय, मला ठाऊक नव्हतं गं."

आईनं पदरानं एक दगड पुसला. काजळी निघाली नाही. मग तिनं चुलीतल्या राखेकडे बघितलं.

"दर थंडीत जीव तुटायचा माझा. एकटीच वाऱ्यात पडलीय म्हनून. तू दर ऐतवारी हितं जाळ करायचा व्हय?"

मी मान हलवली.

"मंग उबेत व्हती म्हन की माझी लेक."

तिनं शिव्या घातल्या असत्या तर सोसल्या असत्या. हे सोसवलं नाही. मी तिच्या मांडीत डोकं घालून रडलो.

तिनं दाखवलेल्या जागी चार दगड मांडले. पाचवा तिनं खूप शोधला. तो कुठं आहे हे मला माहीत होतं, पण तोंड उघडलं नाही. पहिल्याच हिवाळ्यात मी तो घरी आणला होता, ठेचा वाटायला बरा म्हणून. तेव्हापासून आई रोज त्याच्यावर मिरच्या रगडत होती.

पुढच्या रविवारी तो पिशवीत घालून एकटाच बेटावर गेलो आणि त्या चार दगडांशेजारी ठेवून आलो. घरी आलो तर आई ओट्याखाली शोधत होती.

"ठेच्याचा दगड कुठं गेला रं?"

"फुटला," मी म्हणालो.

"अरारा," ती म्हणाली. "हाताला लई सवयीचा झाला व्हता."