बैल पाण्यावर गेले

ऑक्टोबरात महाल मोहल्ल्यात गारवा उरतो तो फक्त सकाळी, तोही चहा होईपर्यंत. तेवढ्यात प्रमोदिनी ओट्यावर बसून तांदूळ निवडून घ्यायची. तांदूळ कुही गावच्या शेतातले, दिराने पाठवलेले, म्हणून खडेही घरचेच. सत्याहत्तर सालच्या त्या सकाळी मात्र बोटं सुपात होती आणि डोळे मांडीवरच्या पुस्तकात. अकराला मॅट्रिकचा मराठीचा पेपर होता, आणि ती दुसऱ्यांदा बसत होती.

पास झाली तर मोहल्ल्यातल्या बालवाडीत ती बाई म्हणून लागणार होती. संस्थेने जागा रोखून धरलेली, पण निकालापर्यंतच. मार्चमध्ये बाकीचे सगळे विषय सुटले आणि ती मराठीत आपटली.

"आईच्या भाषेत नापास झाली वं तू," सासू तुळसाबाई अजून म्हणायची. "घरात तं एक शब्द खाली पडू देत नाहीस."

दोष नेमका तोच होता. प्रमोदिनी छापलेल्या मजकुराशीही भांडायची. मार्चच्या पेपरात विहिरीवर उतारा होता. लेखक काय म्हणतो ते राहिलं बाजूला, हिने त्यालाच विहीर कशी खोदतात ते समजावून सांगितलं. तेव्हापासून शिकवणीचे मनोहरराव मास्तर एकच गोष्ट बजावत, "बाई, उत्तर उताऱ्यात पाहा. कुहीले जाऊ नका."

या वेळचा उतारा निघाला एका चित्रावर. संध्याकाळचं शेत, जू जमिनीला टेकलेली रिकामी बैलगाडी, ना बैल, ना माणूस. एक पाहणारा म्हणतो, हे एकटेपणाचं चित्र. दुसरा म्हणतो, सुगीनंतरच्या विसाव्याचं. शेवटी लेखक म्हणतो, निसर्गचित्रात जो तो आपलंच मन वाचतो. लेखकाच्या मते चित्राचा अर्थ कोणता? अ, एकटेपणा. ब, विसावा. क, पाहणाऱ्यागणिक वेगळा. ड, अर्थच नाही.

प्रमोदिनीला हसू आलं. बंडी मुक्कामाला सोडायची तर कुहीला जू उचलून खाली लाकडाचा टेकू देत, नाही तर वाळवी धरते. जू भुईवर आहे म्हणजे माणूस आत्ता येईल. तिने चारही पर्यायांखाली पाचवा लिहिला, 'इ) बैल पाण्यावर गेले', आणि त्यालाच गोल केला.

पेपर संपत आला तेव्हा तिला मास्तरांची कुही आठवली. उतारा पुन्हा वाचला. जो तो आपलंच मन वाचतो. म्हणजे आपण आता हेच केलं की. तिने 'इ' खसाखसा खोडला, 'क'ला गोल केला, आणि घंटा झाली.

घरी सांगितलं तर सासू भडकली. "खोडलं काहून वं? पाण्यावरच गेले असतीन बैल."

नवरा रुपराव सायकलदुरुस्तीचं दुकान बंद करून आला होता. हात धुता धुता म्हणाला, "पाण्यावर नाही गेले, माय. आख मोडला असन. म्हणून सोडून गेला थो बंडी."

"तुले सगळीकडं मोडलेलंच दिसते गा. बायकोशी भांडून गेला असन मेला, कुठी बसला असन तमाखू मळत."

"बाबाची आठवण येऊन राहिली काय तुले?"

तुळसाबाईने पदराआड हसू दाबलं. प्रमोदिनीही हसली, तिचा 'क' घरातच खरा होऊन राहिला होता. पण ती खाडाखोड पाहून तपासणाऱ्याने उत्तरच रद्द केलं तर? पुढचे कित्येक दिवस भाजीत मीठ कधी दोनदा पडलं, कधी पडलंच नाही.

थंडी पडल्यावर एका सकाळी मास्तर निकाल छापलेलं वर्तमानपत्र घेऊन सायकलवर आले. ती ओट्यावर सूप घेऊन बसलेली. मास्तरांनी बातमी न सांगता पेपरच तिच्यापुढे धरला. तिने आपला नंबर दोनदा वाचला. या वेळी छापलेल्या अक्षराशी तिचं काही भांडण नव्हतं.

"झाली वं पास माझी सून," तुळसाबाईने समोरच्या दाराला ऐकू जाईल असं सांगितलं. मग मास्तरांकडे वळून म्हणाली, "पण मास्तर, बैल कुठं गेले होते?"

"आता तुमच्या बालवाडीच्या बाईलेच विचारा."

"पाण्यावर," प्रमोदिनी म्हणाली. "मास्तर, जेवूनच जा." आणि सुपात आणखी दोन मुठी तांदूळ घेऊन ती खडे वेचू लागली.