खेकड्यांच्या वाटेवरची झाडूवाली

पहाटे चारला तिचा दिवस सुरू व्हायचा. टेकडीखाली नळ, वर घर. एक हंडा डोक्यावर, एक कमरेवर. भरल्या हंड्यांनी चढताना मध्ये थांबायचं नसतं. थांबलं की दमही जातो आणि पाणीही सांडतं. मग खराटा घेऊन ती कामावर जायची. नळ घरात यावा, एवढीच तिची हौस होती.

ती झाडायची त्या रस्त्याच्या एका अंगाला जंगल, दुसऱ्या अंगाला समुद्र. वर्षातून एकदा जंगलातल्या बिळांमधून तांबडे खेकडे निघतात आणि रस्ता ओलांडून समुद्रावर जातात. तेवढे दिवस कारखान्याची बस यायच्या आत रस्ता मोकळा करायला जादा मजुरीवर माणूस लावतात. यंदा तिचा नंबर लागला. हंगामभर काम टिकलं तर पाइप घरापर्यंत येणार होता.

मुकादमाने आधीच बजावलं होतं, "एक खेकडा चिरडायचा नाही. आणि बस अडकून पडली, तर उद्यापासून दुसरी बाई."

पहिल्या दिवशी तिने खराटा घरी ठेवला. त्याच्या काड्यांनी खेकड्यांचे पाय तुटतात. मऊ केरसुणी घेतली, कमरेत वाकली आणि लोटत सुटली. झाडणाऱ्यांचा एक नियम असतो: गटाराकडे काही लोटायचं नाही, तुंबलं की शिव्या आपल्याला. गटार समुद्राच्या अंगाला. हाताला सवय, त्यामुळे सगळे खेकडे तिने जंगलाकडे लोटले. मागे वळून बघते तर निम्मे परत रस्त्यावर! पुन्हा लोटले, पुन्हा आले. अंगाला घामाच्या धारा लागल्या, रस्ता मात्र तांबडा तो तांबडाच.

बस येऊन उभी राहिली. ड्रायव्हर खिडकीतून ओरडला, "ताई, झाडताय की पेरताय?"

मुकादम सायकलवरून उतरला. "झालं! उद्या मी दुसरी बघतो."

एवढ्यात तिची सासू चहाची किटली घेऊन आली. तिने खाली वाकून एका खेकड्याचं पोट न्याहाळलं. अंडीच अंडी.

"अगं बये, या तर पोटुशा! बाळंतपणाला निघाल्यात बिचाऱ्या, आणि तू त्यांना मागे हाकलतेस?"

"मग काय गटारात लोटू?"

"मुकादमाला लोट. ते गटार आधी झाक!"

बसमधले लोक खो खो हसले. मुकादमही हसला, पण घड्याळाकडे बघत. सुनेने कडेला पडलेल्या फळ्या ओढत आणून गटारावर टाकल्या आणि केरसुणी समुद्राकडे फिरवली. आता लोटायलाच लागेना. नुसता धक्का दिला की माद्या फळ्यांवरून तुरुतुरु पळत. मघाशी कंबर मोडली तरी होत नव्हतं, ते आता हां हां म्हणता झालं. बस गेली. चाकाखाली एकही आली नाही.

"उद्या ये," मुकादम म्हणाला. "फळ्या मी आणतो. आणि सासूला आण."

"सासूची मजुरी वेगळी!" सासू म्हणाली.

हंगामभर काम टिकलं. त्या मजुरीतून पाइप आला, प्लंबर आला आणि मोरीत पितळी तोटी बसली. सासू शेजारणींना हाका मारमारून बोलवायची, तोटी उघडून दाखवायची आणि कोणी हात पुढे करायच्या आत बंद करायची.