माघारीचं शिंग

दोन दिवस डोंगरावरून बोचरा वारा सुटला होता. नुमेरियस वाळुंजाच्या ओल्या काड्या दातात धरून द्राक्षवेली खांबांना बांधत होता, पण एक गाठ धड बसेल तर शपथ.

"विब्या!" त्यानं हाक मारली. धाकटा भाऊ चार हातांवर होता, तरी मान वर केली नाही. खेचरानं लाथ घातल्यापासून विबियसचा डावा कान ठार गेला होता, उजवा अर्धामुर्धा. घरातली ही गोष्ट दोघांनी दडवून ठेवली होती. नुमेरियसनं दोन मोहिमा केल्या होत्या. माघारीचं शिंग ऐकू न आलेला माणूस रांग मागे सरल्यावर एकटाच उभा राहतो, ते त्यानं डोळ्यांनी पाहिलं होतं.

तो समोर जाऊन उभा राहिला. "उद्या भरतीला सांगून टाक की, ऐकू येत न्हाई म्हणून."

"आन् बायकांत बसून लोकर कातू? दादा, तू बोललास तर जन्मात तुझं तोंड बघणार न्हाई."

"मग माझ्या उजव्या अंगाला... न्हाई, डाव्या अंगाला राहा, ढाल त्याच हातात असती. शिंग वाजलं की ढालीनं ढोसतो."

अडचण भरतीच्या रीतीचीच होती. सारख्या वयाचे, सारख्या अंगकाठीचे चौघे पुढे बोलवायचे आणि चार पलटणींनी एकेक उचलायचा. आणि हे दोघे भाऊ तर मापात एकसारखे, म्हणजे एकाच चौघांत पडून वेगळ्या पलटणींत जाणार.

दुसऱ्या दिवशी रोममध्ये, कॅपिटोलच्या टेकडीवर, नाव पुकारल्यावर भावापेक्षा वेगळा दिसावा म्हणून नुमेरियस पोक काढून लंगडत पुढे गेला.

"ए वाकड्या, नीट उभा राहा!" अधिकारी खेकसला. "कुदळ मारताना असाच असतोस का रं? आन् हा तुझा भाऊ ना? एकाच भट्टीतल्या भाकरी. या दोघंबी."

नुमेरियस पहिल्या पलटणीत गेला, विबियस तिसऱ्या. नुमेरियसनं तोंड उघडलं. एक शब्द, आणि विबियस घरी. पण विबियस त्याच्या ओठांकडेच टक लावून बघत होता. ओठ मिटले.

पुढच्या चौघांतला मानियस तिसऱ्या पलटणीत पडला. शेजारचाच तो, बांधाच्या दगडावरून वर्षभर बोलणं बंद होतं. नुमेरियसनं त्याला गाठलं.

"मानियसभाऊ..."

"आता भाऊ व्हय? सुगीला कुत्रं सोडलंस की अंगावर!"

"विब्याच्या उजव्या अंगाला उभा राहा. त्येला..."

"ऐकू येत न्हाई. सगळ्या गावाला ठाऊक हाय. तुम्ही दोघंच झाकून बसलाय."

"मग राहशील?"

मानियसनं दाढी खाजवली. "रांग काय मी लावतो? जमलं तर बघू."

मग शपथ झाली. एकानं सगळी म्हटली, बाकीच्यांनी पुढे येऊन फक्त "माझंबी तेच" म्हणायचं. विबियसनं पुढच्याचे ओठ पाहून म्हटलं, इतक्या मोठ्यानं की लोक हसले.

वीस दिवसांनी जमायचं होतं. घरी आल्यावरही वारा तसाच होता. बांधापलीकडे मानियस कुंपण सावरत होता. जमलं तर. जमलं तर. नुमेरियसच्या डोक्यातून ते जाईना. मानियसला बघून कुत्रं गुरगुरलं.

नुमेरियसनं आधी कुत्रं खुंटीला बांधलं. मग काड्या दातात धरल्या आणि उरलेल्या वेलींकडे वळला.