हृदयाची जाड भिंत

"हृदयाची भिंत जाड दिसतेय," पडद्यावरून नजर न काढता डॉक्टर म्हणाले. "घरात कोणी तरुणपणी अचानक गेलंय का?"

मी टू-डी इकोच्या, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीच्या टेबलावर डाव्या कुशीवर पडले होते. आई शेजारी स्टुलावर बसली होती. ती म्हणाली, "माझा भाऊ. एका हळदीत नाचता नाचता पडला. लय धडधाकट होता."

दोन हजार सालानंतरची गोष्ट. मी नाशिकला कॉलेजात होते, गोळाफेक करायचे. विद्यापीठाच्या संघात निवड झाली आणि तपासणीत ईसीजी वेगळा आला. मला तर कधी दमही लागला नव्हता.

संशय होता हायपरट्रॉफिक कार्डिओमायोपॅथीचा. यात हृदयाचा स्नायू उपजत दोषामुळे जाड होतो. आजार घराण्यात उतरतो, आणि कधी कधी पहिलं लक्षण म्हणजे मृत्यूच.

डॉक्टरांनी मला एका ज्येष्ठ हृदयरोगतज्ज्ञ बाईंकडे पाठवलं. बाईंनी चिमट्यासारखं यंत्र काढून माझ्या दंडाची, पाठीची, कमरेची कातडी धरून खालची चरबी मोजली. मी अंग चोरून उभी. शाळेपासून सगळे मला जाडी म्हणत आले होते.

"ही चरबी नाही, स्नायू आहे," बाई म्हणाल्या. "अंगात स्नायू जास्त तर हृदयाला काम जास्त. मग तेही वाढतं. नुसत्या वजनावरून हे कळत नाही. तुझं हृदय खेळाडूचं असेल, किंवा तो आजार असेल. आज मी सांगू शकत नाही."

"मग कळणार कसं?"

"तीन महिने व्यायाम बंद. व्यायामाने आलेली जाडी उतरते. आजाराची उतरत नाही."

गावाकडचं, देवळ्याचं घर काकूवर सोपवून आई माझ्या खोलीवर राहायला आली. मला पाण्याची बादली उचलू देईना. न्हाणीघरातून ओ द्यायला उशीर झाला की दार वाजवायची. जिना चढताना मी मनगटावर बोट ठेवायचे. संघ माझ्याशिवाय गेला. दंड सैल पडत होते. त्यात बरं वाटून घ्यावं की रडावं, कळेना.

दुसरा इको बाईंनी स्वतः केला. बराच वेळ लागला.

"उतरलीय," त्या शेवटी म्हणाल्या. "दरवर्षी दाखवायला ये. पण खेळ."

मला रडू फुटलं. आई मात्र तशीच उभी. "मंग माझा भाऊ कशानं गेला?"

बाईंनी तिच्याकडे पाहिलं. "तुमचा इको कधी झालाय?"

"मला काय झालंय? मी ही अशी काटकुळी."

"पडा जरा."

आईचं हृदय पडद्यावर आलं आणि बाईंनी तेच माप पुन्हा घेतलं. त्या किरकोळ अंगात माझ्यापेक्षा जाड भिंत होती. चढावर धाप लागते, ते ती वयाचं समजत होती.

तिला गोळ्या सुरू झाल्या. मावशीलाही तपासून घेतलं. तुमच्या घरात कोणी असं अचानक गेलं असेल, तर अंगकाठी बघून निर्धास्त राहू नका. सगळ्यांनी तपासून घ्या. त्या बाई नसत्या तर आम्ही माझ्याच निकालावर खूश होऊन घरी आलो असतो.

आई आजही आहे. आम्ही दोघी दरवर्षी एकाच दिवशी इको करतो, आधी तिचा. तो होईपर्यंत मी दाराबाहेर उभी असते, आणि तेवढ्या वेळात माझा कसा येईल हे माझ्या मनातही येत नाही.